दोन विषप्रयोग आणि एक नवी विद्या

आपल्या या वसंत व्याख्यानमालेचा आरंभ न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात झाला, हे आपण सर्व जाणताच. त्याच वर्षी, व्याख्यानमाला सुरू होण्याच्या थोडे आधी, फेब्रुवारी-मार्च महिन्यांत बडोद्यास एक विलक्षण चौकशी चालली होती. महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आरोप असा होता की, त्यांनी इंग्रज रेसिडेंट कर्नल फेयर याला विष घालण्याचा प्रयत्न केला. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फिरून आल्यावर कर्नलसाहेबांनी नेहमीप्रमाणे पपनसाच्या रसाचे सरबत घेतले. दोनतीन घोट घेताच त्यांना मळमळू लागले, म्हणून उरलेले त्यांनी फेकून दिले. पेला खाली ठेवताना तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने तो गाळ तपासला आणि पुढे तो मुंबईस सरकारी रासायनिक परीक्षकाकडे गेला. त्यात सोमल सापडला. सोमलाबरोबर एक चमकदार बारीक पूडही होती व ती हिऱ्याची असावी असे परीक्षकाचे मत पडले. (हिऱ्याची पूड पोटात गेल्यास माणूस मरतो ही समजूत त्या काळी थोरामोठ्यांतही होती. खरे पाहता मारक होता तो सोमलच.)

म्हणजे विष सापडले, पेला सापडला, वेळ ठाऊक होती आणि सरबतापर्यंत कोणाकोणाचा हात पोहोचत होता हेही ठाऊक होते. एवढे असून निर्णय काय झाला? चौकशी मंडळात सहा सभासद होते. सर रिचर्ड कौच आणि दुसरे दोन इंग्रज अधिकारी यांनी महाराज दोषी ठरविले. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांना आरोप सिद्ध झाला असे वाटले नाही. तीन विरुद्ध तीन! अखेर सरकारने मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत केले ते विषप्रयोगासाठी नव्हे, राज्यकारभार बिघडविल्याचे कारण देऊन. त्या गाळाविषयी रसायनशास्त्राने आपले काम चोख केले होते. परंतु तो गाळ पेल्यात कोणी टाकला, या प्रश्नाला परीक्षानळीपाशी उत्तर नव्हते.

ही जुनी हकीकत आज सांगण्याचे कारण असे. गेली काही वर्षे आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी एक नवा विषय ऐकू येऊ लागला आहे. मुलगी बारावी शास्त्र शाखेची परीक्षा उत्तम गुणांनी पास झालेली असते. घरच्यांना तिने इंजिनिअर व्हावे असे वाटते आणि ती म्हणते, मला फोरेन्सिक शिकावयाचे आहे. दूरदर्शनवरच्या मालिका पाहून हे खूळ शिरले असे आईवडील म्हणतात. ते अर्धे खरे असते. उरलेले अर्धे असे की, १ जुलै २०२४ पासून देशात भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या १७६ व्या कलमाने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा व त्याचे चित्रीकरण व्हावे असे ठरविले आहे. ही तरतूद अमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. आजवर जे काम हवालदाराच्या नजरेवर आणि पंचांच्या सहीवर चाले, त्यासाठी आता शिकलेली माणसे लागणार. तेव्हा मुलीची मागणी अगदीच हवेतली नाही.

तथापि प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. 'फोरेन्सिक' या एका शब्दाखाली लोक तीन निरनिराळे व्यवसाय एकत्र बांधतात. मृतदेहाची उत्तरीय तपासणी करणारा, जखमा मोजणारा, मृत्यूचे कारण सांगणारा तो न्यायवैद्यक. त्यासाठी आधी एम. बी. बी. एस. व्हावे लागते व पुढे त्याच विषयात एम. डी. करावे लागते. ससून रुग्णालयाच्या शवागारात काम करणारे डॉक्टर ते हे. दुसरा, गुन्ह्याचा तपास करणारा, साक्षीदारांचे जबाब घेणारा, आरोपीस अटक करणारा तो पोलीस अधिकारी. त्याची वाट लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून जाते आणि तेथे पदवी कोणत्या विषयाची हे कोणी विचारीत नाही. तिसरा, प्रयोगशाळेत बसून रक्त, विष, गोळी, हस्ताक्षर किंवा मोबाइल फोन तपासणारा वैज्ञानिक. महाविद्यालयात ज्याला न्यायसहायक विज्ञान म्हणतात तो अभ्यासक्रम या तिसऱ्यासाठी आहे. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे या विषयाच्या शासकीय संस्था आहेत, आणि पुण्यातही आता काही ठिकाणी तो शिकविला जातो. मालिकेतला नायक सकाळी प्रेत तपासतो, दुपारी सूक्ष्मदर्शकात पाहतो आणि संध्याकाळी पिस्तूल घेऊन गुन्हेगारामागे धावतो. असा मनुष्य पोलीस खात्यात नाही, प्रयोगशाळेत नाही आणि रुग्णालयातही नाही.

आता हा तिसरा मनुष्य शिकतो तरी काय? एक साधे उदाहरण घेऊ. एका सदऱ्यावर तांबूस डाग आहे. आपल्या गावात सदऱ्यावर तांबूस डाग असणे हा काही गुन्हा नव्हे. पानाचा असेल, गंजाचा असेल, रंगपंचमीचा असेल. विद्यार्थ्याला पहिली परीक्षा शिकवितात ती फिनॉल्फ्थॅलिनची. डागाचा अंश घेऊन त्यावर हे द्रव्य आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की रक्त असल्यास क्षणात गुलाबी रंग येतो. नवशिक्या विद्यार्थ्याला येथेच आनंद होतो आणि तो वहीत लिहितो, 'रक्त सापडले.' चांगला शिक्षक ते खोडून लिहावयास लावतो, 'रक्त असण्याचा संभव आहे.' कारण काही भाज्यांचे रस आणि काही धातूंचे क्षारही असाच रंग देतात. मग दुसऱ्या परीक्षेने ते रक्तच आहे हे पक्के करावयाचे. तरीही ते माणसाचे की बोकडाचे हा प्रश्न उरतोच. तो सोडविण्याची रीत १९०१ साली जर्मनीत ऊलेनहूट याने काढली. त्याच वर्षी लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. गट जुळला म्हणजे हे रक्त अमक्याचे असे होत नाही, कारण तोच गट असलेली लाखो माणसे असतात. गट जुळला नाही तर मात्र ते त्याचे नव्हे, हे निश्चित सांगता येते. एका विशिष्ट माणसापर्यंत पोहोचण्यास १९८४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लीस्टर येथे अॅलेक जेफ्रीज यांना डीएनएची ओळखखूण सापडली.

जेफ्रीज यांच्या शोधाचा गुन्ह्याच्या तपासात प्रथम उपयोग झाला त्याची गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असली पाहिजे. लीस्टरजवळच्या खेड्यांत दोन मुलींचे खून झाले होते आणि एका तरुणाने त्यांपैकी एकाची कबुलीही दिली होती. १९८६ साली नमुने तपासले तेव्हा निघाले ते असे की दोन्ही खून एकाच माणसाने केले आहेत, आणि तो माणूस हा तरुण नव्हे. खरा गुन्हेगार पुढे सापडला व १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. परंतु त्याआधी या विद्येने कबुलीजबाब दिलेल्या एका निरपराध्याला सोडविले होते. सुटलेल्या माणसाची आठवण मात्र कोणी फारशी काढीत नाही.

या सर्व परीक्षा पायरीपायरीने चढावयाच्या असतात आणि प्रत्येक पायरीवर उत्तर किती मर्यादित आहे हे कागदावर लिहावयाचे असते. आमच्या मते या शिक्षणाचे सार तेथे आहे. यंत्र चालविणे सहा महिन्यांत येते. यंत्राने जे सांगितले नाही ते आपण बोलू नये, हे अंगी मुरण्यास मात्र वर्षे लागतात.

बोटांच्या ठशांचेही तेच. ही विद्या जगाला देण्यात हिंदुस्थानचा वाटा मोठा आहे. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची पहिली कचेरी निघाली आणि ठशांची वर्गवारी बसविण्यात अजीजुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी कष्ट घेतले, जरी ती पद्धती ओळखली जाते हेन्रीसाहेबाच्या नावाने. जलपाईगुडीकडे एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला होता. त्याच्या सामानातल्या बंगाली पंचांगावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा ठसा मिळाला आणि तो एका जुन्या नोकराच्या नोंदवलेल्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये खटला उभा राहिला. न्यायालयाने त्याला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल दिली नाही. ठसा म्हणत होता की या हाताने हे पंचांग हाताळले. त्या हाताने गळा चिरला असे तो म्हणत नव्हता.

आता थोडे बाटल्यांविषयी आणि लाखेविषयी बोलू. हा भाग रुक्ष आहे, पण खटले बहुधा येथेच फुटतात. वर्तमानपत्रात आपण 'व्हिसेरा राखून ठेवला' असे वाचतो. म्हणजे काय करतात? एका बाटलीत जठर आणि लहान आतड्याचा तुकडा आतील द्रव्यासह, दुसरीत यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडांचे भाग, तिसरीत रक्त. टिकविण्यासाठी सामान्यतः मिठाचे संपृक्त पाणी किंवा स्पिरिट वापरतात. मात्र दारूची शंका असेल तर स्पिरिट चालत नाही, हे सांगावयास नको. घातलेलीच दारू परीक्षेत सापडावयाची! बाटली काठोकाठ भरावयाची नाही, कारण आत वायू होतो व बूच उडते. आणि एक बाटली नुसत्या मिठाच्या पाण्याची किंवा स्पिरिटचीही पाठवावी लागते, म्हणजे विष त्यातूनच आले अशी शंका पुढे कोणी घेऊ नये. रक्ताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधावयाचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले कोंबले तर आपल्या पावसाळ्यात चार दिवसांत बुरशी चढते आणि पुरावा नाहीसा होतो. मग पंचनामा, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, लाखेची मोहर, त्या मोहरेचा नमुना, मुद्देमाल ठेवल्याची वहीत नोंद, कोणत्या शिपायाने कोणत्या तारखेस गणेशखिंडीतील प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत तो पोहोचविला त्याची नोंद. या साखळीतली एक कडी निखळली की प्रयोगशाळेतले लाखो रुपयांचे यंत्र व्यर्थ आहे. ज्या वस्तूची तपासणी झाली ती घटनास्थळीचीच वस्तू हे मग सांगावे कोणी?

प्रयोगशाळेतून परत येतो तो अहवाल. आपल्याकडचे वकील त्याला अजून 'सी. ए. रिपोर्ट'च म्हणतात. मुंबईस १८७० साली रासायनिक परीक्षकाची प्रयोगशाळा स्थापन झाली, तेव्हापासूनचे ते नाव आहे. शासकीय तज्ज्ञाचा अहवाल तो स्वतः हजर नसतानाही पुराव्यात वाचता येतो. न्यायालयास वाटले तर त्याला बोलावूनही घेता येते. या अहवालात कित्येकदा एकच ओळ असते : 'विष आढळले नाही.' या ओळीचा अर्थ काय, हे समजावून घेण्यास आपल्याला फार दूर जावे लागत नाही. आपल्या शुक्रवार पेठेतच जाऊ.

अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य हा खटला आज कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाई शुक्रवार पेठेत स्वतःच्या घरात राहत. पतीमागे त्यांच्याकडे बऱ्यापैकी मालमत्ता होती. त्यांना मधुमेह होता, क्षयाचीही बाधा होती. त्यांच्याच घरात भाड्याने राहणारे डॉक्टर लागू त्यांच्यावर उपचार करीत. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री हे डॉक्टर त्यांना मुंबईच्या एका तज्ज्ञास दाखविण्यासाठी म्हणून पॅसेंजर गाडीने घेऊन निघाले. पहाटे गाडी बोरीबंदरला पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरांनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल केले, पण नाव लिहविले ते इंदुमती पौनशे असे. शुद्धीवर न येताच त्याच दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास बाई वारल्या. मृत्यूचे कारण मधुमेहाने आलेली मूर्च्छा असे नोंदले गेले.

मृतदेह नेण्यास कोणी आले नाही. रुग्णालयाने पुण्यास डॉक्टरांना तार केली, तेव्हा बाईंचा भाऊ येऊन प्रेत ताब्यात घेईल अशा अर्थाचे पत्र उलट गेले. भाऊ आला नाही, येणारही नव्हता. बेवारस म्हणून प्रेत ग्रँट मेडिकल कॉलेजकडे विच्छेदनासाठी गेले. तेथे गळ्यावर एक खूण दिसली व ती संशयास्पद वाटली, म्हणून २३ नोव्हेंबरला पोलीस सर्जन डॉ. झाला यांनी उत्तरीय तपासणी केली. मृत्यू होऊन तेव्हा दहा दिवस झाले होते. गळ्यावरच्या खुणेतून काही निष्पन्न झाले नाही. शरीरात विष सापडले नाही. रासायनिक परीक्षकालाही ते सापडले नाही. आणि हे प्रेत पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्व्यांचे आहे हे तर कोणालाच ठाऊक नव्हते!

इकडे पुण्यात बाईंच्या नातलगांना आणि ओळखीच्यांना पत्रे येऊ लागली. आपण यात्रेस निघालो आहोत, आपण जोशी नावाच्या गृहस्थांशी विवाह केला आहे, जयपूरकडे राठोडी येथे आपण सुखात आहोत, अशा आशयाची ती पत्रे होती व खाली बाईंची सही होती. मेलेल्या बाईंच्या सहीने बँकेतील पैसा निघत होता, शेअर हस्तांतरित होत होते. दागिने आणि घरातले सामानसुमानही डॉक्टरांच्या हाती गेले. पन्नाशीकडे झुकलेली, दुखण्याने गांजलेली बाई अशी कोणास न भेटता लग्न करून दूर देशी कशी गेली, हे नातलगांना पटेना. त्यांनी वरपर्यंत तक्रारी केल्या. १९५८ साली तपास हलला, रुग्णालयात मरण पावलेल्या अनोळखी बाईच्या छायाचित्रावरून ओळख पटली आणि पुण्याच्या सत्र न्यायालयात खुनाचा खटला उभा राहिला.

श्रोतेहो, बचावाची बाजू किती भक्कम होती पाहा. विषाने मृत्यू झाला असे म्हणता, मग विष कोणते? आरोपीजवळ ते होते याला पुरावा काय? ते दिले कधी, कसे, कोणी पाहिले? सरकारचाच डॉक्टर म्हणतो विष नाही, सरकारचाच परीक्षक म्हणतो विष नाही. बाईंना मधुमेह होता आणि मधुमेहाने मूर्च्छा येते. तरीही सत्र न्यायालयाने दोषी ठरवून मृत्युदंड दिला, उच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. विषप्रयोगाच्या खटल्यात मृत्यू विषाने झाला, आरोपीपाशी विष होते आणि ते देण्याची संधी त्याला होती, या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात हे खरे. परंतु मागे खूण न ठेवणारी विषे आहेत, आणि वैद्यकाचा जाणकार ती वापरू शकतो. तेव्हा रासायनिक पुरावा नाही एवढ्यावरून खटला कोसळत नाही. मूर्च्छा मधुमेहाची नव्हती असे वैद्यकीय पुराव्याच्या छाननीवरून न्यायालयाने ठरविले. तिच्या जोडीला आरोपीची मृत्यूआधीची व नंतरची सारी वर्तणूक ठेवली : खोटे नाव, सोडून दिलेले प्रेत, न येणारा भाऊ, बनावट पत्रे, लुटलेली मालमत्ता. या साऱ्यांचा एकच उलगडा होतो, असा तो निर्णय.

एकमत मात्र नव्हते. न्यायमूर्ती सरकार यांनी भिन्न मत दिले. मृत्यू अनैसर्गिक होता हेच मुळी सिद्ध झाले नाही, असे त्यांचे म्हणणे. लोभी मनुष्य मृत्यूचा फायदा घेईल, बनावट सह्या करील. म्हणून मृत्यूही त्यानेच घडविला असे ठरत नाही. आम्हास स्वतःस बहुमताचा निर्णय पटतो. एका बाईचे नाव तिच्या मृत्यूच्या दारातच जो बदलतो, त्याला तो मृत्यू अनपेक्षित नव्हता, हे आमच्या बुद्धीला पुरे वाटते. परंतु विद्यार्थ्यांनी आधी सरकार यांचे मत वाचावे असे आम्ही नेहमी सांगतो. ते वाचल्यावाचून बहुमताला किती ओझे उचलावे लागले हे कळत नाही.

आता अहवालातल्या त्या ओळीकडे वळू. 'विष आढळले नाही' याचा अर्थ 'विष नव्हते' असा नाही. आमच्याकडे जे आले, ज्या स्थितीत आले, आणि आम्ही ज्या पद्धतींनी जे शोधले, त्यांत सापडले नाही, एवढाच तो अर्थ. जे शोधावयाचे सुचत नाही ते बहुधा सापडत नाही. याच सुमारास इंग्लंडात ब्रॅडफर्ड येथे केनेथ बार्लो नावाच्या परिचारकाची बायको न्हाणीत मेली. मे १९५७ ची ही गोष्ट. विषाची नेहमीची कोणतीच परीक्षा लागू पडेना. परंतु शरीरावर सुईची बारीक टोचणी भिंगाने सापडली, आणि रक्तातील साखर उतरल्यासारखी लक्षणे कोणाच्या तरी ध्यानात आली. तेव्हा टोचणीखालच्या मांसाचा अर्क उंदरांना टोचून पाहिला. उंदीर तसेच थरथरले, जसे ते इन्सुलिनने थरथरतात. त्या वर्षअखेर बार्लोला शिक्षा झाली. इन्सुलिनने झालेला खून सिद्ध होण्याची ती पहिलीच वेळ. तेथे प्रेत ताजे होते आणि डोळे उघडे होते. आमच्या प्रकरणात दहा दिवस निघून गेले होते, आणि पहिल्या दिवशी तर कोणास संशयही नव्हता. आज वायुवर्णलेखन आणि वस्तुमान-वर्णपटाची यंत्रे अत्यल्प अंशही ओळखतात हे खरे. पण कशासाठी पाहावयाचे हे ठरविणारा मनुष्यच असतो, आणि त्याच्या हाती बाटली वेळेवर यावी लागते.

बडोद्यास विष सापडले आणि गुन्हा सिद्ध झाला नाही. पुण्याच्या प्रकरणात विष सापडले नाही आणि गुन्हा सिद्ध झाला. ही दोन प्रकरणे शेजारी शेजारी ठेवून शिकविणारे महाविद्यालय मुलांना काहीतरी देईल असे आम्ही समजू. कारण ज्याने यंत्रालाच न्यायाधीश मानले, तो प्रयोगशाळेतून एके दिवशी एखाद्याला फासावर पाठवील किंवा एखाद्याला मोकळा सोडील, आणि दोन्ही वेळा त्याला वाटेल की आपण फक्त आकडा लिहिला.

महाविद्यालय निवडताना काय पाहावे, हे पालक विचारतात. आम्ही असे एक महाविद्यालय पाहून आलो. दर्शनी दालनात तुलनात्मक सूक्ष्मदर्शक मांडला होता, तोही आणताना घातलेल्या प्लॅस्टिकच्या वेष्टनासह. मुले पुस्तकातल्या आकृत्या उतरवीत होती. दुसऱ्या एका ठिकाणी इमारत साधी, पण मागच्या अंगणात वाळूचा खड्डा होता; त्यात उमटलेल्या चपलेच्या ठशात मुले प्लॅस्टर ओतीत होती, ते फुटत होते, आणि पुन्हा ओतीत होती. निवड कोणती करावी हे सांगण्याची गरज नाही. शिवाय असे विचारावे की, अभ्यासक्रमात कायदा किती तास शिकवितात, विद्यार्थ्याला खोट्या खटल्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेतात का, आणि शिकविणाऱ्यांत ज्याने प्रत्यक्ष प्रयोगशाळेत वर्षे काढली असा कोणी आहे का. नोकरीविषयी एक स्पष्ट सांगितले पाहिजे. सरकारी प्रयोगशाळांत रसायन, भौतिक, जीवशास्त्र यांच्या पदवीधरांनाही जागा असतात. तेव्हा ज्याला विषशास्त्रात जावयाचे आहे त्याने आधी रसायनाची पदवी नीट घ्यावी आणि मग या विषयाकडे वळावे, असे आमचे मत आहे. सर्वांना ते मान्य नाही. ठसे आणि हस्ताक्षर यांची गोडी असणाऱ्यांनी राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे लक्ष ठेवावे. त्याचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे आणि ठशांचे काम तेथूनच चालते.

आणि प्रवेशाआधी मुलामुलींनी एक दिवस शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात घालवावा. खटले उघडपणे चालतात, मागच्या बाकावर बसण्यास कोणी हरकत घेत नाही. एखाद्या खटल्यात तज्ज्ञाची साक्ष असेल तर भाग्यच. बचावाचे वकील फार वेळा विज्ञानाविषयी काही विचारीतच नाहीत. ते विचारतात, पुडक्यावरची मोहर शाबूत होती का, नमुन्याशी ती ताडून पाहिली का, पाहिल्याची नोंद कोठे आहे, आणि ती नोंद त्याच दिवशी केली की नंतर.